टोळीतल्या पोरांकडं जायचं कसं?

प्रश्न : गल्लीत दोन गटांची पोरं कोयते घेऊन फिरतात, आम्ही चर्चची चार जण त्यांच्यात जावं म्हणतो, सुरुवात प्रार्थनेनं करावी का? – एक वाचक, जालना

उत्तर : दादा, आधी कामधंद्याचं बघा. लॉस एंजेलिसमधे फादर ग्रेग बॉईल १९८६ ला डोलोरेस मिशन चर्चमधे आले, आजूबाजूला टोळ्याच टोळ्या, मग १९८८ ला त्यांनी पोरांना नोकऱ्या शोधून द्यायचं काम सुरू केलं अन १९९२ ला बेकरी काढली, जिथं एकमेकांच्या जिवावर उठलेली पोरं शेजारी उभं राहून पावाचं पीठ मळायला लागली. टोळीचे टॅटू पण तिथं फुकट काढून देतात, मानेवर टोळीचं नाव असलं की कामावर कोण ठेवतंय! जालन्यात स्टीलचे कारखाने आहेत, गॅरेजं आहेत, ओळखीतल्या मालकाला विचारा. फक्त एका गटाचं दुसऱ्याला सांगू नका, नाहीतर पोरं चहालासुद्धा थांबणार नाहीत.