वाचकांचे प्रश्न : बारामतीचे पटेल, दोन आरसे आणि चिलरचं पाणी

आमच्या शॉपमधलं अ‍ॅक्रिलिक कापायचं मशीन ज्या लेझरवर चालतं, तो लेझर बारामतीत जन्मलेल्या माणसाने शोधला असं ऐकलं. खरं आहे का? आणि त्यात नायट्रोजन, हेलियम कशाला भरतात?
*– एक वाचक, भोसरी*

खरं आहे. चंद्रकुमार नारणभाई पटेल, म्हणजे सी. के. एन. पटेल, यांचा जन्म 1938 साली बारामतीचा. 1958 मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून त्यांनी टेलिकम्युनिकेशनची बी.ई. केली. 1961 मध्ये स्टॅनफर्डची पीएच.डी. घेऊन ते बेल लॅब्जमध्ये गेले आणि 1964 मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर जगापुढे मांडला.

तेव्हा वायूंच्या लेझरमध्ये सगळ्यांचा ओढा अणूंकडे होता. अणूची अडचण अशी की त्याच्या उपयोगी ऊर्जा-पातळ्या फार उंचावर असतात. वर चढवायला भरपूर ऊर्जा खर्च करायची आणि परतीच्या वाटेवरच्या एका छोट्या पायरीचाच उजेड मिळवायचा. हेलियम-निऑनची कार्यक्षमता त्यामुळे एक टक्कासुद्धा भरत नाही. रेणूची कंपनं मात्र तळाजवळच असतात. रेणूंच्या पातळ्यांचा गुंता फार म्हणून लोक बिचकत होते. पटेलांनी तिकडेच मोर्चा वळवला, हे त्यांचं वेगळेपण.

आता नायट्रोजन. विजेच्या धक्क्याने तो कंप पावू लागतो, पण दोन सारख्या अणूंचा असल्यामुळे ती ऊर्जा प्रकाशाच्या रूपात टाकून देऊ शकत नाही. धरून बसतो. त्याची पातळी आणि कार्बन डायऑक्साइडची वरची पातळी यांत एक टक्क्याहूनही कमी फरक आहे, त्यामुळे टक्कर होताच ऊर्जा अलगद पलीकडे जाते. हेलियम खालची पातळी झटपट रिकामी करतो आणि उष्णता नळीच्या भिंतीपर्यंत वाहून नेतो. सुरुवातीला नुसत्या कार्बन डायऑक्साइडमधून मिलिवॅटच्या घरात शक्ती मिळत होती. या दोन सोबत्यांमुळे ती शंभर वॅटच्या पुढे गेली.

पटेल तिथे थांबले नाहीत, आणि त्यांच्या कारकिर्दीतला आम्हाला सर्वांत आवडणारा भाग पुढचाच आहे. जुळवता येणाऱ्या तरंगलांबीचा अवरक्त लेझर त्यांनी वायू मोजायला लावला. लेझर चालू-बंद करत वायूतून सोडला की वायू तापतो-निवतो, दाब हलतो आणि मायक्रोफोनला बारीक आवाज ऐकू येतो. 1973 मध्ये हे उपकरण बलूनमधून सुमारे 28 किलोमीटर उंचीवर गेलं. पहाटेपूर्वी जवळजवळ नसलेला नायट्रिक ऑक्साइड सूर्य उगवल्यावर वाढताना तिथे मोजला गेला. ओझोनच्या रसायनशास्त्राला असा पुरावा हवाच होता.

मी बी.ई., ई-अँड-टीसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. भौतिकशास्त्राची पदवी नसताना लेझरमध्ये संशोधन करता येईल का? आतापासून काय शिकू?
*– एक विद्यार्थिनी, नाशिक*

येईल. वरच्या उत्तरातली पटेलांची पदवी पुन्हा वाचा. क्वांटम मेकॅनिक्स आणि विद्युतचुंबकीय सिद्धान्त मात्र नेटाने भरून काढावे लागतील. फूरिए (सिग्नल वेगवेगळ्या लहरींमध्ये फोडायचं गणित) तुम्हाला येतच असेल, तो ऑप्टिक्समध्ये पावलोपावली भेटतो. गेट आणि जेस्ट या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षा आणि टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्थेची) स्वतःची परीक्षा, ही प्रवेशाची मुख्य दारं. मुंबईत टीआयएफआर आणि आयआयटी, पुण्यात आयसर, इंदूरला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र. बी.ई. चालते की एम.एस्सी.च लागते, हे संस्थेगणिक बदलतं, म्हणून त्या वर्षीची जाहिरात नीट वाचा. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं धरून चाला. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, उभी राहते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन बाहूंमध्ये 1064 नॅनोमीटरचा लेझर फिरणार, तेव्हा आरसा स्वच्छ आणि स्थिर ठेवता येणारे हात लागणारच.

ते हात आत्ताच तयार करा. एक मिलिवॅटचा लाल डायोड लेझर, स्क्रूने झुकवता येणारे दोन आरसे आणि एकाच उंचीवर बसवलेल्या दोन आयरिस (मधलं छिद्र लहान-मोठं करता येणाऱ्या चकत्या) एवढ्यावर भागतं. पहिल्या आरशाने बीम जवळच्या आयरिसच्या मध्यावर आणा, दुसऱ्या आरशाने लांबच्या आयरिसच्या. आता जवळचा पुन्हा थोडा सरकलेला दिसेल. परत पहिला आरसा, परत दुसरा. चार-पाच फेऱ्यांत दोन्ही मध्य जुळतात. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे आरसे उलटे वापरणं. मग प्रत्येक फेरीत बीम आणखी बाहेर पळतो आणि स्क्रू शेवटाला जाऊन अडकतो. तसं झालं तर सगळे स्क्रू मध्यावर आणून पहिल्यापासून सुरू करा.

अंगठी-घड्याळ काढून ठेवायचं, आणि डोळा कधीही बीमच्या पातळीला न्यायचा नाही. खाली पडलेला स्क्रू उचलतानासुद्धा.

पावसाळ्यात आमच्या 80 वॅटच्या मशीनचा कट पार जात नाही. टोकाला ठिणग्या दिसतात. दोन महिन्यांत दोन लेन्स तडकल्या. चिलर 18 अंशांवर आहे, आणखी कमी करू का?
*– एक उद्योजक, कोल्हापूर*

मुळीच नको. चिलर लेझरच्या नळीभोवती थंड पाणी फिरवतो आणि ठिणग्यांचं मूळ बहुधा तिथेच आहे. शॉपमध्ये 28 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, सुमारे 25 अंशांवर येतो. म्हणजे 18 अंशांच्या नळीला घाम फुटणारच. तो घाम उच्चदाबाच्या टोकावर साचला की वीज नळीच्या आत जाण्याऐवजी बाहेरून उडी मारते. बीम जिथून बाहेर पडतो त्या आरशावर तो जमला तर शक्तीही घटते. पाणी 25च्या वर चढवलं तर नळी तापून शक्ती पडते, म्हणून पाण्याऐवजी हवा बदला. मशीनची खोली बंद करून एसी लावा आणि 26 अंश, 60 टक्क्यांवर आणा. दवबिंदू साडेसतराच्या आसपास उतरेल. मग चिलर 20-21वर ठेवा. सकाळी आधी एसी, अर्ध्या तासाने चिलर.

लेन्सचं कारण वेगळं आहे. ती झिंक सेलेनाइडची, पिवळसर. तिच्यावर धुराचा किंवा कॉम्प्रेसरच्या तेलाचा थर बसला की तो थर बीम शोषतो, मध्यभाग तापतो, फोकस सरकतो (कट पार न जाण्याचं हेही कारण) आणि शेवटी काच तडकते. एअर-असिस्टच्या, म्हणजे कटवर फुंकल्या जाणाऱ्या, हवेला तेल आणि पाणी अडवणारा फिल्टर लावा. लेन्स कोरडी पुसू नका, ती मऊ असते आणि चरे पडतात. आधी हवेने धूळ उडवा. मग लेन्स टिश्यूवर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब टाकून तो एकाच दिशेने, स्वतःच्या वजनाने ओढून घ्या. दुसऱ्या फेरीला नवा टिश्यू. तडकलेल्या लेन्सचे तुकडे हातमोज्यांनी उचला, भुकटी उडू देऊ नका. सेलेनियम विषारी आहे.

आणि रेक्झिन किंवा पीव्हीसी कापत असाल तर आजच थांबवा. त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड फुप्फुसांना घातक, शिवाय आरसे, रेल्स आणि बेअरिंगही खातो.

मशीनचं अ‍ॅक्रिलिकचं झाकण डोळ्यांना पुरतं का?
*– तेच उद्योजक, कोल्हापूर*

कार्बन डायऑक्साइड लेझरला, झाकण बंद असेल तर, पुरतं. 10.6 मायक्रॉनचा विखुरलेला प्रकाश अ‍ॅक्रिलिक अडवतं. शेजारी फायबर लेझरचं मार्किंग मशीन घेतलंत तर हा हिशेब चालणार नाही. त्याचा 1064 नॅनोमीटरचा प्रकाश साध्या पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून आरपार जातो, डोळ्याला दिसत नाही आणि थेट दृष्टिपटलावर गोळा होतो. त्या मशीनसाठी वेगळा गॉगल लागतो. विकत घेताना काचेवर छापलेली तरंगलांबी आणि ओडीचा (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे काच प्रकाश किती अडवते त्याचा) आकडा पाहा. ओडी 6 म्हणजे दहा लाखांतला एक भाग आत येतो. आकडे छापलेले नसतील तर तो गॉगल दुकानातच राहू द्या.