ड्युटी शून्य, मग माल अडतो कशाला?

प्रश्न : ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडला तरी दोघांत झीरो ड्युटीचा करार आहे असं वाचलं. मग शेजारच्या फ्रान्सला माल पाठवायला त्यांना त्रास कसला? आणि त्यांच्या या वेगळेपणात आपल्या रत्नागिरीच्या कोळंबीचा काही फायदा?
– एक वाचक, मिरकरवाडा

उत्तर : करार आहे, १ जानेवारी २०२१ पासून आहे. पण धंदा काय नुसता ड्युटीवर चालतो का, मासळीवाल्यांना हे मी काय सांगणार! ताजा माल एक दिवस उशिरा पोचला की भाव पडलाच.

स्कॉटलंडचंच बघा. तिथली कोळंबी, खेकडे रात्री ट्रकमध्ये भरायचे की फ्रान्सच्या बाजारात, मधे कोण विचारणारं नाही, कारण एकच बाजार होता. बाहेर पडल्यावर कस्टमचं डिक्लेरेशन आलं, कॅच सर्टिफिकेट (म्हणजे मासळी नियमाने पकडल्याचा दाखला) आलं, शिवाय व्हेटच्या, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरच्या सहीचं हेल्थ सर्टिफिकेट. आता एका ट्रकमध्ये पाच-दहा छोट्या व्यापाऱ्यांचा माल असतो, त्यातल्या एकाचा कागद चुकला की बाकीच्यांचाही माल अडकून बसतो. मोठी कंपनी त्यासाठी माणूस ठेवते हो, छोट्याने काय करायचं? जानेवारी २०२१ मध्येच ही मंडळी वैतागून ट्रक घेऊन लंडनला सरकारच्या दारात गेली होती. कालवंवाल्यांचं तर आणखीच वाईट, कारण काही ठरावीक पाण्यातली जिवंत कालवं शुद्ध केल्याशिवाय युनियनबाहेरून आत घेतच नाहीत. नियम जुनाच, फक्त हे लोक आता बाहेरचे झाले!

गंमत म्हणजे युरोपातून येणाऱ्या मालाची तपासणी ब्रिटनने स्वतः मात्र पुढे ढकलत ढकलत २०२४ पर्यंत नेली. अर्थव्यवस्थेचे अंदाज बांधणारी तिथली ओबीआर नावाची सरकारी संस्था धरून चालते की लांबच्या काळात आयात-निर्यात, आत राहिले असते त्यापेक्षा १५ टक्के कमी राहील.

आता आपली कोळंबी. फायदा असा आयता नाही. ती झीरो ड्युटी फक्त त्या दोघांच्या स्वतःच्या मालाला, म्हणजे आपली कोळंबी इंग्लंडमध्ये उतरवून नुसती पॅक बदलून फ्रान्सला पाठवली तर ती काही ब्रिटिश होत नाही, ड्युटी बसतेच. पूर्वी दोन्हीकडे एकच दार होतं, वाईट अर्थानेसुद्धा, २०१४ मध्ये फळमाशीमुळे युरोपने आपला आंबा बंद केला तेव्हा लंडनही आपोआप बंद झालं होतं. आता दारं दोन. जुलै २०२५ मध्ये भारताने ब्रिटनशी सही केलेला करार फक्त ब्रिटनपुरता, त्याचा युरोपला काही संबंध नाही. त्यामुळे कंटेनर रॉटरडॅमला, म्हणजे युनियनमधल्या नेदरलँड्सच्या बंदरात उतरून पुढे इंग्लंडला जाणार असेल तर कागद दोन्हीकडचे लागतील का, हे एजंटला माल भरायच्या आधीच विचारा, जहाज निघाल्यावर नको.