काकूंना आधी गाडीत चहाला बोलाव

पत्र : ‘आम्ही चौघं शार्लटहून कोलोरॅडोला आरव्हीने, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीने, निघालोय. वाटेत टेनेसीतल्या नॅशव्हिलला शुक्रवार-शनिवार मुक्काम. तिथे माझे सख्खे काका-काकू ३५ वर्षं राहतात. कॅम्पग्राउंडवर उतरू म्हटलं तर काकू रागावली, “घर असताना गाडीत झोपणार?” शिवाय शनिवारी तिने आम्हाला न विचारता दहा घरच्यांना जेवायला बोलावलंय. नवऱ्याकडे शनिवारचीच ग्रँड ओल ऑप्रीची, म्हणजे तिथल्या कंट्री संगीताच्या कार्यक्रमाची, तिकिटं आहेत. बायपासनंतर काका गाडी चालवत नाहीत, नुसती पेटी घेऊन बसतात म्हणे. थांबूच नये असं वाटायला लागलंय. – चाकांवरची पुतणी’

बाळा, थांब. काकांबद्दल तू शेवटी जे जाता जाता लिहिलंयस ना, त्यासाठी तरी थांब.

काकूंनी न विचारता माणसं बोलावली, हे त्यांचं चुकलंच. पण बारा-पंधरा दिवसांच्या प्रवासात आपल्या वाट्याला नक्की किती तास येणार, हे त्यांना कुणी सांगितलंय का? तू सांगितलं नाहीस, म्हणून त्यांनी आपल्या परीने एक संध्याकाळ पक्की करून टाकली. आजच फोन कर, आणि काकांना नको, काकूंनाच कर. शुक्रवारी दुपारी किती वाजता पोचणार, रविवारी सकाळी किती वाजता निघणार, दोन्ही वेळा सांग.

कॅम्पग्राउंडचं कारणही सरळ सांग. वस्तीच्या नियमांत रस्त्यावर रात्रभर आरव्ही उभी करायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. ड्राइव्हवेत लावली तरी घरातल्या साध्या १५ अँपच्या प्लगवर टपावरचा एसी नीट चालत नाही, आणि टेनेसीच्या उन्हाळ्यात त्याशिवाय मुलं झोपणार नाहीत. संडासाची टाकी तर तिथे रिकामी करताच येत नाही. हे ऐकलं की गाडीत झोपणं म्हणजे घर नाकारणं नव्हे, एवढं त्यांना कळेल.

ऑप्री मात्र शुक्रवारी जमतंय का बघ. शुक्रवारीही कार्यक्रम असतो. तिकिटं बदलून मिळतात का ते विचार, नाही मिळाली तर नवी काढ. तेवढा खर्च मला मान्य आहे. आणि एक तिकीट काकांचं काढ. १९२५ मध्ये रेडिओवर सुरू झालेला हा कार्यक्रम अजूनही रेडिओवरून थेट ऐकवतात. पूर्वी तो रायमन सभागृहात व्हायचा. १९७४ मध्ये नव्या जागेत जाताना त्या जुन्या रंगमंचातला लाकडाचा एक गोल कापून नव्या रंगमंचात बसवला. २०१० च्या पुरात तो पाण्याखाली गेला, तरी दुरुस्त करून पुन्हा तिथेच लावला. गाणारा आजही त्याच गोलात उभा राहतो. पेटीच्या भात्यावर हात ठेवून आयुष्य गेलेल्या माणसाला त्या लाकडाचं मोल मी वेगळं सांगायला नको. त्या रात्री मुलं काकूंकडे राहू देत, तुम्हीही तिकडेच झोपा. घर असताना गाडीत झोपल्याचा सल तिथेच निघेल.

शनिवारी सकाळी दोघांना कॅम्पग्राउंडवर घेऊन ये. ऑप्रीच्या जवळच म्युझिक व्हॅली ड्राइव्हवर कॅम्पग्राउंड आहेत, तिथलं मिळालं तर बरं. घडीचं टेबल उघड, आलं घालून चहा कर, काकूंना त्या दोन वीत रुंदीच्या ओट्यापाशी उभं राहून बघू दे तुम्ही कसं भागवता ते. ज्या गाडीचा त्यांना राग आलाय ती त्यांनी आतून पाहिलेलीच नाही. पायरी उंच असते, काकांना हात दे.

संध्याकाळचं जेवण ठरल्याप्रमाणे होऊ दे. जेवणं झाली की काकांना पेटी काढायला तूच सांग, काकूंनी सांगायची वाट बघू नकोस. साडेनऊला निघणार हे आधी बोललेली असशील, तर उठताना कुणी हिरमुसणार नाही.

पोळ्या आणि चटणीचा डबा बरोबर मिळेल. ‘फ्रिज लहान आहे’ म्हणून परत करू नकोस. एक कप्पा आत्तापासूनच रिकामा ठेव.