वर्दी उतरल्यावर खडू आणि लेखणी: माजी सैनिकांचे प्रश्न

प्रश्न : सतरा वर्षांच्या सेवेनंतर नाईक म्हणून निवृत्त झालो. बारावी पास आहे, पदवी समकक्ष प्रमाणपत्र मिळालंय. त्यावर हायस्कूलमध्ये शिक्षक होता येईल का?

उत्तर : नाईकसाहेब, नाही. दहावी आणि किमान 15 वर्षांची सेवा यांवर मिळणारं ते प्रमाणपत्र पदवी मागणाऱ्या गट 'क'च्या सरकारी पदांपुरतं चालतं. शिक्षकाला खरी पदवी आणि बी.एड. लागतं, सहावी ते आठवीला शिकवायचं तर टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा)सुद्धा. पदवी मुक्त विद्यापीठातून करा. बी.एड.ला मात्र नियमित कॉलेज गाठा. पाचेक वर्षं जातील, पण तुमच्या वयाला ती परवडतात.

प्रश्न : हवालदार होतो, आता सातवीला गणित शिकवतो. वर्ग एकदम शांत असतो, तरी चाचणीत अर्धी मुलं नापास झाली.

उत्तर : हवालदारसाहेब, मुलं घाबरून गप्प बसत असतील. माझंही पहिलं वर्ष असंच गेलं. प्रशिक्षण देणाऱ्या उस्तादांनी आपल्याला रायफलचं खोलना-जोडना कसं शिकवलं, ते आठवा. आधी स्वतः करून दाखवलं, मग सावकाश करवून घेतलं, घड्याळ लावलं ते शेवटी. तेवढं वर्गात न्या. रगडा, म्हणजे अंग पिळून काढणारी शिक्षा, मात्र बाहेरच राहू द्या. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी आहे.

गुणोत्तर शिकवताना नकाशा काढा. 1:50000 च्या नकाशावरचे 2 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा 1 किलोमीटर, हे आपल्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. मी मुलांना आधी 100 मीटरला आपली किती पावलं लागतात ते मोजायला लावलं, मग शाळा ते एसटी स्टँड चालवलं. महिनाभर तोंड न उघडलेल्या एका मुलीनं परत येऊन फळ्यावर प्रमाण मांडलं. बरोबर होतं!

प्रश्न : कारगिलच्या आठवणी लिहितोय. निवृत्तांवर बंधनं असतात का? शहीद झालेल्या मित्राबद्दल लिहावं का?

उत्तर : 1923 चा शासकीय गुपिते अधिनियम निवृत्तीनंतरही लागू राहतो. तैनाती, संकेत, मोहिमेचे तपशील गाळा. शंका वाटेल ती पानं आधी लेखी मंजुरीसाठी पाठवा. माजी लष्करप्रमुख मनोज नरवणे यांचं आत्मकथनही मंजुरीसाठी अडलं होतं. लंगरमधल्या, म्हणजे जवानांच्या जेवणघरातल्या गप्पा, 56 एपीओच्या (लष्करी टपाल कार्यालयाच्या) पत्त्यावर आलेली घरची पत्रं, सुट्टी संपवून निघताना एसटीच्या खिडकीतून मागे पडणारं गाव, हे मोकळेपणानं लिहा. आपल्याकडे जवानानं स्वतः लिहिलेलं फार थोडं आहे.

मित्राबद्दल जरूर लिहा. छापण्याआधी त्याच्या घरी जा आणि ते प्रकरण घरच्यांना वाचून दाखवा. एखादी ओळ गाळा म्हणाले, तर गाळा.