आधी पोट दाखवा : तुमच्या बेनाव डायनासोरांचे प्रश्न

मागच्या अंकात लिहिलं होतं की घरात पडलेले, नाव माहीत नसलेले खेळण्यातले डायनासोर आणि तसलेच जुन्या काळचे प्राणी (आम्ही यांना फिगर म्हणतो) असतील तर फोटो पाठवा, ओळखायचा प्रयत्न करू. फोटो भरपूर आले, थँक्यू. पण जवळपास सगळ्यांत प्राणी ऐटीत उभा, जबडा उघडा, मागे सोफ्याचं कव्हर, आणि पोटाचा नि तळपायाचा फोटो मात्र नाहीच. अहो, ओळख पटते ती तिथेच. "हा कुठला प्राणी" हे नंतर बघू, आधी "हा कुणी बनवला" ते शोधायचं, कारण कंपनी कळली की त्यांच्या यादीत प्राणी पटकन सापडतो, आणि उलटं गेलात तर दोन पायांवर उभे हिरवे टी-रेक्स जगात इतके आहेत की बसा शोधत.

प्रश्न : सासरे १९६० च्या दशकात अमेरिकेत शिकायला होते, त्यांच्या ट्रंकेत एक हिरवा टी-रेक्स मिळाला. एकाच रंगाचा, हाताला मेणचट लागतो, शेपटी जमिनीला टेकलेली. अंगावर इंग्रजीत प्राण्याचं नाव आहे पण कंपनीचं नाही. विकला तर काही येतील का? (पुणे)

ताई, विकायचं नंतर, आधी हा मार्क्सचा आहे का बघू. मार्क्स म्हणजे न्यूयॉर्कची लुई मार्क्स कंपनी (दाढीवाले मार्क्स वेगळे), त्यांनी १९५५ च्या सुमारास डायनासोरांचे सेट काढले, सोबत गुहेतली माणसं, झाडं वगैरे, आणि बऱ्याच फिगरवर प्राण्याचं नाव उठावाच्या अक्षरांत असायचं. तुमच्या वर्णनाशी जुळतंय. पण घोळ असा आहे की यांच्या कॉप्या अमाप निघाल्या, आणि कॉपी करणारा काय करतो तर सरळ तयार खेळण्यावरूनच साचा घेतो. प्लास्टिक थंड होताना थोडं आकसतं, म्हणजे कॉपी मूळ मापापेक्षा बारकी होते, आणि त्या कॉपीवरून पुन्हा साचा घेतला की अजून बारकी. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यावर अक्षरं फुगतात तसं कातडीवरच्या सुरकुत्या, दात, बोटं सगळं गोलगोल होत जातं. म्हणून भिंग घेऊन नावाची अक्षरं बघा. कडा धारदार आहेत का? बोटं सुटी दिसतात का एकच गोळा झालाय? धारदार असेल तर आशा ठेवा. पण मूळ साच्यांतूनही नंतर पुन्हा माल काढलाय लोकांनी, त्यामुळे नुसतं "साचा मार्क्सचा" म्हणजे "१९५५ चा" असं होत नाही. तुमच्या बाबतीत ट्रंकेची गोष्ट हाच सगळ्यात चांगला पुरावा, ती कागदावर लिहून फिगरबरोबर ठेवा.

आणि शेपटी टेकलेली म्हणून जुना, हे अर्धंच खरं हं. कांगारूसारखं उभं राहायची ती पोझ शास्त्रज्ञांनी १९७० नंतर हळूहळू सोडली, चांगल्या कंपन्यांनी त्यांच्या मागून सोडली, पण स्वस्तातल्या पिशवीतले डायनासोर अजूनही तसेच उभे आहेत बिचारे. उलटा नियम मात्र पक्का धरा, नवीन शोध दिसला की फिगर त्याच्या आधीची असूच शकत नाही.

प्रश्न : मुलाच्या बॉक्समधल्या स्पायनोसॉरस या डायनासोरची शेपटी वल्ह्यासारखी उभी चपटी आहे. विकणारा "नव्वदच्या दशकातला, रेअर" म्हणत होता. (नाशिक)

थापा. ती वल्ह्यासारखी शेपटी २०२० मध्ये जगासमोर आली, मोरोक्कोतल्या हाडांवरून. तसंच स्पायनोसॉरसचे मागचे पाय आखूड दाखवलेले असतील तर फिगर २०१४ नंतरची. आणि डब्यावर आयएसआय मार्क आहे का तेही बघा, आपल्याकडे खेळण्यांना तो १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचा झाला, म्हणजे तो असला तर माल बहुतेक अलीकडचाच.

प्रश्न : एका फ्ली मार्केटमध्ये जुनी पिशवी मिळाली, वरच्या कार्डावर "प्रीहिस्टॉरिक ॲनिमल्स". दोनतीन डायनासोर ठीक आहेत, पण एकाला दोन लांब मिशा आणि शेपटीच्या टोकाला पंख्याच्या पात्यासारखं काहीतरी आहे. पोटावर फक्त "हाँगकाँग". कुठल्याच पुस्तकात असा प्राणी सापडत नाही. (एडिसन, न्यू जर्सी)

दादा, सापडणारच नाही, कारण असा प्राणी पृथ्वीवर कधी नव्हताच! पण तुमच्या हाताला जे लागलंय ते या अंकातलं सगळ्यात भारी प्रकरण आहे, फोटो बघून मी खुर्चीतून उठलोच.

झालं असं की हाँगकाँगच्या कारखान्यांतून अशा पिशव्या अमेरिकेतल्या चिल्लर दुकानांत यायच्या, आत खरे डायनासोर कमी आणि मनाला येतील तसले राक्षस जास्त, जपानी टीव्हीवरच्या राक्षसांची छाप असलेले. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावात गॅरी गायगॅक्स नावाचे गृहस्थ टेबलावर युद्धाचे खेळ खेळायचे, त्यांना राक्षसांच्या फिगर हव्या होत्या आणि तेव्हा तशा मिळायच्या नाहीत, म्हणून त्यांनी अशीच एक पिशवी आणली. मग त्या प्लास्टिकच्या तुकड्यांना नावं आणि स्वभाव दिले गेले. पुढे हाच माणूस डंजन्स अँड ड्रॅगन्स या, टेबलाभोवती बसून कल्पनेतल्या राक्षसांशी लढायच्या खेळाच्या दोन निर्मात्यांपैकी एक. मिशा आणि पात्याच्या शेपटीवाला तुमचा प्राणी म्हणजे त्या खेळातला रस्ट मॉन्स्टर, लोखंडाला मिशी लावली की गंज चढवून खाणारा. पिशवीत अजून चोचवाला, अस्वलासारख्या अंगाचा कुणी असेल तर तो आउलबेअर. हे दोघं त्या खेळाच्या १९७५ च्या पुरवणी पुस्तकात आले. आणि पाठीवर कवच असलेला, जमिनीत घुसणारा ब्युलेट १९७६ साली त्या खेळाच्या कंपनीच्या मासिकाच्या पहिल्याच अंकात. म्हणजे कारखान्यातल्या कुणा निनावी कारागिराने ठोकून दिलेला प्राणी, आणि आज जगभर लोक त्याच्याशी लढतायत.

आता सावध करतो. हेच साचे आणि त्यांच्या कॉप्या नंतर चीनमधूनही निघाल्या. पोटावर "हाँगकाँग" आहे हे उत्तम, "चायना" असतं तर बहुतेक नंतरचा माल म्हटलं असतं. ते कार्ड आणि पिशवी अजिबात टाकू नका, फाटकं असलं तरी, कलेक्टर लोक त्या कार्डासाठीच भांडतात.

प्रश्न : इथल्या चॅरिटी शॉपमध्ये एकरंगी मेगॅलोसॉरस मिळाला, पोटावर ब्रिटिश म्युझियम आणि १९७४. पन्नास वर्षं जुना समजू का? (लेस्टर, इंग्लंड)

वा, तुम्ही तर माहेरीच आहात त्याच्या! हा इन्व्हिक्टा प्लास्टिक्सचा, कारखाना तुमच्या शेजारीच ओडबीला होता, मास्टरमाइंड हा रंगीत खुंट्यांचा खेळही त्यांचाच. डायनासोर १:४५ मापाचे आणि म्युझियमच्या मान्यतेने, त्यामुळे त्या काळच्या मानाने फार नीट केलेले. पण पोटावरचं साल हे मॉडेल केलं त्याचं, तुमचा पीस साच्यातून बाहेर पडला त्याचं नाही. एकच मॉडेल वर्षानुवर्षं निघत राहतं, साल तेच. हे सगळ्याच कंपन्यांना लागू, लिहून ठेवा.

तारीख आवळायची तर बाकीचा मजकूर वाचायचा. उदाहरणार्थ जर्मनीची श्लाइश, त्यांच्या फिगरवर कधीकधी अख्खा पत्ताच असतो, श्वेबिश ग्म्युंड गावाचा, ७३५२७ पिनकोडसकट. जर्मनीत पाच आकडी पिनकोड १९९३ मध्ये सुरू झाले, म्हणजे तो आकडा दिसला की फिगर त्याआधीची नाही. आणि "डब्ल्यू. जर्मनी" असेल तर साचा दोन्ही जर्मनी एक व्हायच्या, म्हणजे १९९० च्या, आधीचा. मला हे असलं पोस्ट ऑफिस पद्धतीचं काम डायनासोरांपेक्षाही आवडतं, खरं सांगायचं तर.

प्रश्न : जुने रबरी डायनासोर चिकट झालेत, थिनरने पुसू का? (कोल्हापूर)

नको नको, रंग जाईल. पीव्हीसी मऊ ठेवायला जे तेलकट द्रव्य घालतात ते वर येतं, त्याचा तो चिकटपणा. कोमट पाणी, साधा साबण, मऊ ब्रश, सावलीत वाळवा. प्लास्टिकच्या बंद पिशवीत कोंबू नका आणि कडक पारदर्शक डब्यात ठेवायचं तर खाली कागद घाला, नाहीतर फिगर डब्यालाच चिकटून बसते.

प्रश्न : आमच्या जिल्ह्यात डायनासोर सापडला म्हणतात. माझ्याकडे लहानपणापासून, म्हणजे १९८५ च्या आसपासचा, लांब मानेचा राखाडी डायनासोर आहे. तो आमचाच का? (चंद्रपूर)

काका, तुमच्या जिल्ह्यातला डायनासोर खराच आहे, डोंगरगावचा. त्याचं वर्णन १९९७ मध्ये टायटॅनोसॉरस कोल्बर्टी या नावाने प्रसिद्ध झालं आणि २००३ मध्ये त्याला आयसिसॉरस हे नवं नाव मिळालं, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून. त्यामुळे १९८५ च्या खेळण्यावर त्याचं नाव असणं शक्य नाही. शिवाय आयसिसॉरसची मान त्याच्या भाऊबंदांपेक्षा आखूड आणि पुढचे पाय लांब, आणि तुमच्या फोटोतला तर मान लांब, पाठ कमानीसारखी, शेपटी लोळवत चाललाय. हा नेहमीचा ब्रॉन्टोसॉरस, म्हणजे अमेरिकेचा पाहुणा. कंपनी सांगतो, पण पोटाचा फोटो कुठाय?