गोळीने चाल सुधारली, पण विचार उतावळा का झाला?

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. त्यांना सहा वर्षांपासून कंपवात (पार्किन्सन्स) आहे. लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी दिवसातून चार वेळा आणि प्रॅमिपेक्सोल तीन वेळा चालू आहे. हाताच्या कंपासाठी फार पूर्वी दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिलही अजून सुरूच आहे. बाबा आयुष्यभर हिशेब सांभाळत आले, अत्यंत काटेकोर माणूस. सकाळची गोळी घेतली की पाऊण तासात ते नीट चालू लागतात, बोलता बोलता कपाट आवरतात. गोळीआधी त्यांना एका वेळी एकच काम जमतं. पण त्याच चांगल्या वेळात पत्ते खेळायला बसले, तर विचार न करता पान टाकतात आणि ज्या खेळीने आधी हरले तीच पुन्हा करतात. माझा मुलगा म्हणतो, "आजोबा गोळीआधी जास्त चांगले खेळतात." मध्यंतरी त्यांनी रात्री दोन वाजता मोबाइलवरून एकसारखी तीन घड्याळे मागवली. आईचं म्हणणं, गोळ्यांनी डोकं बिघडतंय, बंद करून टाका. या औषधांनी मेंदूतल्या जोडण्या बदलतात असंही मी वाचलं. हे नुकसान आहे का? गोळ्या कमी कराव्यात का?

उत्तर : आधी आईंना माझा निरोप द्या: एकही गोळी घरच्या घरी बंद करू नका. लेव्होडोपा अचानक थांबवल्यास अंग कडक होणे, खूप ताप आणि शुद्ध हरपणे इथपर्यंत वेळ येऊ शकते. प्रॅमिपेक्सोल एकदम सोडल्यास भयंकर अस्वस्थता आणि नैराश्य येऊ शकतं. कमी करायचंच असेल, तर ते तुमच्या न्यूरॉलॉजिस्टनी ठरवून, टप्प्याटप्प्याने.

आता तुमच्या मुलाचं बोलणं. त्याने जे पाहिलं ते किरकोळ समजू नका. लंडनमध्ये गॉथम, ब्राउन आणि मार्सडेन यांनी १९८८ साली कंपवाताच्या रुग्णांच्या विचारशक्तीच्या चाचण्या दोनदा घेतल्या, एकदा गोळीच्या अमलाखाली आणि एकदा गोळीविना. काही चाचण्या गोळीने सुधारल्या, तर काहींत रुग्ण गोळी घेतल्यावरच मागे पडले. त्यांनी सुचवलेलं कारण आजही बरंचसं टिकून आहे. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी जे डोपामिन नावाचं रसायन वापरतात, ते कंपवातात सगळीकडे सारखं आटत नाही. मेंदूच्या खोल भागातल्या स्ट्रायटमचा वरचा-मागचा हिस्सा हालचाल आणि एका कामावरून दुसऱ्याकडे वळणं सांभाळतो, आणि तो आधी कोरडा पडतो. बक्षीस, मोह आणि 'हे फसलं, पुन्हा नको' हे शिकण्याशी संबंधित असलेल्या खालच्या हिस्स्यात सुरुवातीची बरीच वर्षं डोपामिन तुलनेने शिल्लक असतं. लेव्होडोपाची गोळी, जिच्यापासून मेंदूत डोपामिन बनतं, ती मात्र दोन्हीकडे पोचते. पाटाचं पाणी कोरड्या वाफ्याच्या मापाने सोडलं की शेजारच्या ओल्या वाफ्यात चिखल होतो, तसंच हे. चांगल्या विचारासाठी डोपामिन कमी असून चालत नाही आणि जास्त होऊनही चालत नाही.

बाबांचं कपाट आणि बाबांचे पत्ते या दोन गोष्टी एकाच तासात उलट दिशांनी का जातात, ते यातून कळतं. मायकेल फ्रँक आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये रुग्णांना चिन्हांच्या जोड्यांतून निवड करायला लावून हेच तपासलं. गोळीविना रुग्ण चुकीच्या निवडी टाळायला अधिक चांगलं शिकले, गोळी घेतल्यावर फायदा देणाऱ्या निवडी अधिक चांगल्या शिकले. म्हणजे शिकणं थांबत नाही. हरल्याचा धडा पुसट होतो आणि जिंकल्याचा ठळक. म्हणून 'गोळीने डोकं सुधारतं की बिघडतं' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कोणतं काम आणि गोळीनंतर किती वेळाने, हे विचारावं लागतं.

पण घड्याळांची गोष्ट मला पत्त्यांपेक्षा खूप गंभीर वाटते. माझा पहिला संशय लेव्होडोपावर नाही, प्रॅमिपेक्सोलवर आहे. हे औषध आणि त्याच गटातलं रोपिनिरोल डोपामिनचे ग्राहक, म्हणजे पेशींवर डोपामिन जिथे जाऊन बसतं त्या जागा, थेट चेतवतात. त्यातही प्रॅमिपेक्सोलचा ओढा खालच्या हिस्स्यात भरपूर असलेल्या डी-३ ग्राहकांकडे अधिक आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या ३०९० रुग्णांच्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आवर न घालता येणारी खरेदी, जुगार, खादाडपणा किंवा लैंगिक अतिरेक यांपैकी काहीतरी या गटातली औषधं घेणाऱ्या दर शंभरांपैकी सुमारे १७ जणांत आढळलं, न घेणाऱ्यांत सुमारे ७ जणांत. हा स्वभावातला दोष नव्हे. काटेकोर माणसालाही हा त्रास होतो आणि माणूस तो लाजेने लपवतो. त्यामुळे बाबांना रागावू नका, पण सरळ विचारा: आणखी काही मागवलंत का, पैसे लावायचे खेळ खेळता का, कुणाला उधार दिलंत का? बँकेच्या खात्यावर सध्या कुणाचं तरी लक्ष राहू द्या. आणि पुढच्या तारखेची वाट न पाहता याच आठवड्यात डॉक्टरांना कळवा. डोस कमी केला किंवा औषध हळूहळू काढलं की ही ओढ बऱ्याच जणांची ओसरते.

तिसरं औषध, ट्रायहेक्सिफेनिडिल. तुमच्या यादीतलं हे नाव वाचून मी थांबले. ते ॲसिटिलकोलीन या रसायनाला अडवतं, आणि लक्ष व स्मरण यांना तेच लागतं. कंपवातात ते आधीच घटत असतं. इतकं की कंपवातातल्या स्मृतिभ्रंशावर वापरलं जाणारं रिव्हास्टिग्मिन मुद्दाम तेच वाढवतं. मग ६८व्या वर्षी त्याला अडवणारी गोळी कशासाठी चालू आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. ज्या कंपासाठी ती दिली होती तो आता लेव्होडोपाने आटोक्यात असेल, तर ती सावकाश उतरवता येते. लघवी रोखून धरता यावी म्हणून दिलेल्या ऑक्सिब्युटिनिनसारख्या गोळ्यांचाही तोच परिणाम होतो. बाबा अशी काही घेत असतील, तर तीही चिठ्ठीत लिहा. सगळा विसरभोळेपणा औषधांवर ढकलू नका, हेही सांगायला हवं. आजार स्वतःच विचार मंद करतो. अपुरी झोप, लघवीचा जंतुसंसर्ग आणि उभं राहताच उतरणारा रक्तदाबही.

जोडण्यांबद्दल लोक घाबरतात, कारण शब्द ऐकून तारा तुटल्यासारखं वाटतं. फंक्शनल एमआरआयमध्ये तारा दिसत नाहीत. मेंदूच्या निरनिराळ्या भागांतल्या रक्तातल्या ऑक्सिजनचे संथ चढउतार दिसतात. दोन भागांचे चढउतार एका तालात असले की ते जोडलेले मानतात. ही पद्धत भरत बिस्वाल यांनी १९९५ मध्ये, शांत पडून राहिलेल्या माणसांच्या हालचालीच्या केंद्रांवर दाखवून दिली. लेव्होडोपाची एक मात्रा दिली की तासाभरात हा ताल बदलतो. कितीतरी अभ्यासांत हालचालीच्या जाळ्याचा ताल निरोगी माणसांच्या जवळ गेलेला दिसला. विचाराशी संबंधित जाळ्यांत मात्र एका अभ्यासाचं दुसऱ्याशी जुळतंच असं नाही, आणि वर मांडलेलं पाहता मला त्यात नवल वाटत नाही. शिवाय यंत्रात डोकं किंचित हललं तरी खोट्या जोडण्या दिसतात. गोळीविना रुग्ण थरथरतो, गोळीनंतर काही जणांचं अंग आपोआप हलतं. म्हणून रंगीत चित्रं पाहताना मी आधी डोक्याची हालचाल कशी हिशेबात घेतली ते वाचते. तुमच्या प्रश्नापुरतं सांगायचं, तर तासात येणारा आणि औषध उतरल्यावर मागे जाणारा बदल म्हणजे मेंदूची झीज नव्हे.

दोन आठवडे एक वही ठेवा. प्रत्येक गोळीची वेळ, अर्ध्या तासाने आणि दोन तासांनी बाबा कसे चालतात, बोलताना धागा सुटतो का, निर्णय घाईचे होतात का. पत्त्यांचा डावही लिहायला मुलाला सांगा. डॉक्टर स्मरणाची ३० गुणांची चाचणी घेतील, तेव्हा गुणांशेजारी 'गोळीनंतर किती वेळाने' हे लिहून घ्या. त्याविना मागच्या वर्षीच्या गुणांशी तुलना करून काही हाती लागत नाही. आणि बाबांचे पैशाचे, कागदपत्रांचे निर्णय कोणत्याही एका तासात उरकू नका. गोळी चढलेली असताना वाचावं आणि सही दुसऱ्या दिवशी, घरातल्या कुणाबरोबर पुन्हा बोलून करावी.

प्रश्न : मला कंपवात आहे, वय ५९. एका संशोधनात मेंदूचा एमआरआय करायला आदल्या रात्रीपासून गोळी न घेता बोलावलं आहे. धोका आहे का?

उत्तर : साधारण १२ तास गोळी न घेता तपासणं ही अशा अभ्यासांतली रूढ पद्धत आहे, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली एक रात्र थांबल्याने मेंदूला इजा होत नाही. त्रास मात्र होतो: ताठरपणा, पाय अडकणे, पडण्याची भीती, काहींना घाबरल्यासारखं वाटणं. लेव्होडोपा रक्तातून काही तासांत जातं, पण त्याचा एक मंद परिणाम कित्येक दिवस रेंगाळतो. म्हणून ही पूर्ण गोळीविना अवस्था नसते. दीर्घकाळ चालणारी गोळी किंवा पॅच (त्वचेवर चिकटवायची औषधाची पट्टी) असेल, तर वेळ वेगळी लागते. ती त्यांच्याकडून लेखी घ्या. मेंदूत उत्तेजक यंत्र बसवलेलं असेल, पूर्वी कधी गोळी चुकल्यावर गिळता येईनासं झालं असेल किंवा भास झाले असतील, तर आधीच सांगा. मधेच 'नको' म्हणण्याचा हक्क तुम्हाला आहे. पुढची गोळी सोबत न्या, स्कॅन संपताच तिथेच घ्या, आणि येता-जाता गाडी दुसऱ्या कुणालातरी चालवू द्या.