ड्रोन विकत घ्यावा, भाड्याने आणावा की विमानातून फोटो काढावेत?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात लग्नांची फोटोग्राफी करतो. लोणावळ्याजवळच्या चाळीस एकर प्लॉटिंगचे आकाशातून फोटो आणि व्हिडिओ काढायचं काम मिळालं आहे. पंचवीस हजार ॲडव्हान्स घेतला आणि वर्क ऑर्डरवर सही केली. त्यात 'सर्व परवानग्यांची जबाबदारी फोटोग्राफरची राहील' असं वाक्य आहे. माझ्याकडे ड्रोन नाही. ओळखीतला एक जण साधारण ९०० ग्रॅमचा परदेशी ड्रोन विनाबिल सत्तर हजारांना द्यायला तयार आहे. नाहीतर तोच ड्रोन दिवसाच्या भाड्याने देईन, तुमचा तुम्ही उडवा, म्हणतो. बिल्डरचा मॅनेजर सांगतो, "ड्रोनची कटकट सोडा, फ्लाइंग क्लबमधला माझा मित्र चार सीटच्या विमानातून फिरवून आणेल. इंधनाचे पैसे द्या. विमानाला परवानगी असतेच." काय करावं?

उत्तर : समोर आलेल्या तिन्ही वाटा सोडा. चौथी आहे, पण आधी या तिन्हींत तुम्ही कुठे अडकाल ते बघू.

सत्तर हजारांचा ड्रोन. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद. त्यामुळे बिल नसलेला परदेशी ड्रोन दिसला की पहिला प्रश्न येतो, हा देशात आला कसा? उत्तर नसेल तर कस्टम्स कायदा १९६२ च्या कलम १११ खाली माल जप्त होऊ शकतो, आणि कलम ११२ चा दंड असा माल जाणूनबुजून विकत घेणाऱ्यालाही लागतो. दुसरी अडचण नोंदणीची. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे प्रत्येक ड्रोनला यूआयएन, म्हणजे स्वतंत्र ओळख क्रमांक लागतो. २५० ग्रॅमवरच्या ड्रोनला तो मिळवताना त्या मॉडेलचं टाइप सर्टिफिकेट, म्हणजे ते मॉडेल ठरलेल्या निकषांत बसतं असा दाखला, दाखवावं लागतं. चोरवाटेने आलेल्या मॉडेलचं ते कुठून आणणार? विकणाऱ्याला यूआयएन विचारून बघा. "आजवर कुणी विचारलं नाही" हे उत्तर आलं तर तिथेच थांबा.

समजा कागद निघाले, तरी उडवणार कोण? २५० ग्रॅम ते २ किलो हा मायक्रो वर्ग. हौसेसाठी उडवलात तर रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. तुम्ही पैसे घेऊन उडवणार, म्हणजे ते लागणारच. त्यासाठी वय १८ ते ६५, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण हवं. एका कामासाठी एवढं करणं परवडत नाही. वर्षभर अशी कामं मिळणार असतील तर मात्र जरूर करा, सर्टिफिकेट दहा वर्षं चालतं. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला ना पायलट सर्टिफिकेट लागतं ना टाइप सर्टिफिकेट, यूआयएन तेवढा लागतो. भारतीय बनावटीचा, पक्क्या बिलाचा नॅनो ही कायद्याने सगळ्यात स्वस्त सुटका आहे. फक्त लोणावळ्याच्या वाऱ्यात तो किती स्थिर राहील ते तुमच्यातल्या फोटोग्राफरला विचारा.

नुसता ड्रोन भाड्याने घेतलात तरी सुटका नाही. नियमांनी विक्री, भाडेपट्टा, बक्षीस हे सगळं 'हस्तांतरण'च धरलं आहे आणि त्याची नोंद फॉर्म डी-३ मध्ये ऑनलाइन करावी लागते. तशी नोंद न करता ड्रोन आणलात, तो कुणाच्या गाडीवर पडला, तर मालक हात वर करणार आणि रिमोट तुमच्या हातात सापडणार. ड्रोन नियम मोडल्याचा दंड एक लाखापर्यंत जातो. शिवाय नॅनो सोडून सगळ्या ड्रोनना थर्ड पार्टी विमा हवा.

आता मॅनेजरसाहेबांचं विमान. 'परवानगी असतेच' हे अर्धसत्य आहे. परवानगी उडायची असते, फोटो काढायची नव्हे. विमान नियम १९३७ च्या नियम १३ प्रमाणे उडत्या विमानातून फोटो काढायला नागरी विमान वाहतूक महासंचालकांची, म्हणजे डीजीसीएची, लेखी परवानगी लागते. फ्लाइंग क्लबचं विमान उड्डाण शिकवण्यासाठी असतं; पैसे घेऊन असं काम करायला रीतसर परवाना असलेला ऑपरेटर लागतो. इंधनाचे पैसे म्हटल्याने व्यवहार मैत्रीचा होत नाही, आणि अपघात झालाच तर विमा कंपनी नेमकं तेच विचारेल. भरीला, विमानाला मोकळ्या जागेवरही साधारण ५०० फुटांच्या खाली उतरता येत नाही, वस्तीवर १००० फूट. परवानगीशिवाय ड्रोनची हद्द ४०० फुटांवर संपते. चाळीस एकर म्हणजे साधारण चारशे मीटर लांबी-रुंदीचा तुकडा. त्याला विमान कशाला? मैलोन्‌मैल पसरलेल्या महामार्गाचं काम असतं तर गोष्ट वेगळी.

चौथी वाट म्हणजे ड्रोन आणि पायलट दोन्ही एकाच ऑपरेटरकडून, पक्क्या बिलावर घ्या. यूआयएन, विम्याची पॉलिसी आणि रिमोट पायलट सर्टिफिकेट आधी मागा. सर्टिफिकेटवरचं नाव, फोटो आणि ड्रोनचा वर्ग बघा आणि त्या दिवशी तोच माणूस आला आहे का ते साइटवर तपासा. कागद एकाचे आणि रिमोट भाच्याच्या हातात, हे प्रकार सर्रास चालतात.

त्याच्याही आधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी पोर्टलवरचा नकाशा उघडा. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पिवळ्यात एटीसीची, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची, लागते, लाल भागात केंद्र सरकारची. लोणावळ्यात आयएनएस शिवाजी हे नौदलाचं ठाणं आहे, तेव्हा 'गावाबाहेर आहे, काय होतंय' असं धरून चालू नका. उडवण्याच्या दिवशी सकाळी नकाशा पुन्हा बघा, कारण पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल भाग जाहीर करू शकतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली जमावबंदीसारखा ड्रोनबंदीचा आदेश लागू आहे का, हे स्थानिक पोलीस ठाण्यात विचारा.

नकाशा आधी बघा म्हणतो त्याचं खरं कारण तुमची सही आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम ५६ मध्ये एक बोचरा परिच्छेद आहे. काम अशक्य किंवा बेकायदा आहे हे एका पक्षाला माहीत होतं, किंवा थोडी चौकशी केली असती तर कळलं असतं, आणि समोरच्याला ते ठाऊक नव्हतं, तर त्या पक्षाने नुकसान भरून द्यायचं. परवानग्यांची जबाबदारी तुम्ही सहीने घेतली आहे. 'मला माहीत नव्हतं' हा बचाव तुमच्यासाठी दुबळा पडेल. म्हणून जागा लाल भागात निघाली आणि परवानगी मिळण्यासारखी नसेल, तर कळल्या दिवशीच लेखी कळवा आणि ॲडव्हान्स बँकेतून परत करा. तो तसाही कलम ६५ खाली परत करावाच लागेल.

जागा हिरवी निघाली तर वर्क ऑर्डरला एक पानाची पुरवणी जोडा. ऑपरेटरचं नाव, उडवण्याची तारीख, सरकारी आदेशाने काम अडलं तर तारीख पुढे जाईल ही अट आणि शेजारच्या बंगल्यांची आवारं टिपली जाणार नाहीत हे त्यात येऊ द्या. आणखी एक. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, वेगळं ठरलं नसेल तर मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला मालक काम देणारा असतो. हेच फोटो तुमच्या इन्स्टाग्रामवर टाकायचे असतील तर तेही पुरवणीत लिहून घ्या.

मॅनेजरला आजच ईमेल करा : 'फ्लाइंग क्लबच्या विमानाचा पर्याय डीजीसीएच्या लेखी परवानगीशिवाय मला स्वीकारता येणार नाही. नकाशा तपासून दोन दिवसांत कळवतो.' त्यांनी फोन करून "बघून घेऊ" म्हटलं, तर फोन ठेवल्यावर त्यांचे ते शब्दही ईमेलने त्यांनाच पाठवून ठेवा.